सराव

बाराव्या दिवशी नाव ठेवलं सन्मती.
बस्तीतल्या उपाध्यांनी सुचवलं, सासऱ्यांना आवडलं.
त्याचा अर्थ आम्हाला फार उशिरा टोचला.

आता तो सव्वीसचा. दाढी मी करते.
बटणं तोच लावतो, वरून दुसऱ्यापासून,
शेवटी एक उरतं, ते मला आणून दाखवतो.
हे गेले त्याला चार वर्षं झाली,
त्यांच्या चपला अजून रोज दारात मांडतो.

मिरजेहून आणलेला फॉर्म फ्रिजवर आहे,
वर आंब्याच्या आकाराचं चुंबक.
एकच रकाना रिकामा : पालकांच्या पश्चात कोण.
पुण्याची लेक म्हणाली, 'माझं नाव घाल की.'
लगेच म्हणाली. फक्त त्याआधी
फोनमधून तिच्या कुकरची एक शिट्टी आली.
त्या शिट्टीचं मी काय करू?

म्हणून दर गुरुवारी मी नसायचा सराव करते.
आतल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीमागं, तासभर.
तो हाका मारतो. मी मोजते.
अकरा. बारावी येत नाही.
मग गॅसपाशी जाऊन म्हणतो, 'बंद. बंद. बंद.'
अगदी माझ्या आवाजात.
मग कडी. मग चपला,
उलट्या घातल्यात हे चालीवरून कळतं.
दुधाची पिशवी घेऊन येतो. दोन कप काढून ठेवतो.

गेल्या गुरुवारी आला नाही.
दहा मिनिटं. वीस.
घाट आमच्यापासून दोनशे पावलांवर,
आणि कृष्णेला त्याचा पत्ता पाठ नाही.
अनवाणी पळाले.

युनूसभाईंच्या गिरणीत पट्टा फिरत होता,
त्या गोंगाटात सन्मती गळ्यातलं कार्ड काढून
त्यांच्या पिठाळ हातात देत होता.
मीच लिहिलेलं, हरवला तर असावं म्हणून :
गावभाग, गिरणीमागचा बोळ, सांगली,
चार एक सहा, चार एक सहा.
(पिन त्याला आवडतो. तेच दोनदा येतं.)
ओरडून सांगत होता,
'आई हरवली. सापडली की इथं आणून सोडा.'

युनूसभाईंनी मला बघितलं.
काही न बोलता पट्टा बंद केला.

येताना कार्ड त्यानं माझ्या गळ्यात घातलं,
सगळं म्हणायला लावलं, पिनसकट.
बोळाशी मी अडखळले.
'पहिल्यापासून,' म्हणाला.

उद्या गुरुवार.
कोठीमागं जायचं का, ठरलेलं नाही.
रकाना तसाच आहे.
कार्ड त्यानं अजून परत मागितलेलं नाही.