पावतीशिवाय

एप्रिल सरता सरता हॉलंडहून ट्रक येतो.
विल्यांदीतल्या आमच्या दुकानात मी ओळी लावते:
चकचकीत कागदातले हायड्रेंजिया,
सगळे गुलाबी, सगळे एका उंचीचे,
एकाही पानाला वारा माहीत नाही.

मी सांगते, आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत,
मग लावा.
लोक माना डोलावतात.
जूनमध्ये येतात काळवंडलेल्या काड्या
आणि जपून ठेवलेली पावती घेऊन.

हेल्वे आली नाही.
तिनं तर मदर्स डेच्याच दुपारी
लेकानं पाठवलेलं झाड फाटकाशी लावलं,
आल्यागेल्याला दिसावं म्हणून.
त्याच रात्री दंवाची काच झाली.
शेजारचा आर्वो म्हणाला, खिडकीतलं झाड ते,
टाक खतात.
तिनं चादर टाकली.
हिवाळ्यात स्प्रूसच्या फांद्या. त्यावर बर्फ.

पुढच्या वर्षी नुसती पानं.
त्याच्या पुढच्या वर्षीही,
पण जाड, राठ,
गोगलगायींना पुरून उरलेली.

काल आली, चौथ्या वर्षी.
काउंटरवर फुलांचा गेंद ठेवला,
दौत लवंडावी तसा निळा,
आणि शेजारी आमचंच लेबल, उन्हानं विटलेलं:
गुलाबी.

मी म्हटलं, पावतीशिवाय पैसे परत नाहीत हं.
ती हसली नाही.
पैसे कोण मागतंय, म्हणाली,
तेवढी चूक दुरुस्त कर.

मागे रांग ताटकळलेली.
खिसे चाचपले. पेन मिळालं तेही लाल.
लाल शाईनं लिहिलं:
निळं.