तपासणी

टॉवेलच्या कारखान्यात, साहेब,
एकवीस वर्षं मी घडी खात्यात आहे.
दिवसाला सहाशे नग हाताखालून जातात.
धागा तुटला, काठ ओढला गेला
की निळ्या खडूची फुली.
कुणी विणलंय ते बघत नाही.
माझा सख्खा दीर मागावर आहे.

नागेशला चौकीत नेलं तो बुधवार.
परत आला तेव्हा डाव्या कानानं
त्याला माझं तेलुगू ऐकू येईना,
मराठी तर नाहीच.
अर्ज दिला. चौकशी झाली
त्याच चौकीत, त्याच टेबलावर,
शेजारच्या खुर्चीनं केली.
‘तथ्य आढळून येत नाही.’
चार ओळी, खाली गोल शिक्का.

आमच्याकडं ज्यानं विणलं
त्याच्या हातात खडू देत नाहीत.
मालक कसाही असू दे,
एवढं त्याला कळतं.

आज सात रस्त्याच्या विश्रामगृहात
तुम्ही आलात. निवृत्त न्यायाधीश, म्हणे.
कॅमेऱ्याचं फुटेज मागितलंत.
नऊ वाजून चार मिनिटं.
मग एकदम नऊ सत्तावीस.
त्यांचे वकील म्हणाले, लाईट गेली होती.
तुम्ही चष्मा पुसलात.
म्हणालात, पुन्हा लावा.

मी खुर्चीतून अर्धी उठले.
हात आपोआप पदराच्या गाठीकडे गेला,
तिथं खडूचा तुकडा असतो.

पुढची तारीख बावीस.
अर्ध्या दिवसाची हजेरी कापतील.
रिक्षात नागेशच्या उजव्या बाजूला बसले,
सांगितलं,
बघितलं रे त्यांनी.
भोक बघितलं.