व्हेअर

विडी घरकुलातला क्लास, रात्रीचे साडेनऊ.
स्रवंती येमूल उभी राहिली :
"सर, सगळ्या टॉवेलांचा भाव एकच झालाय."

एकशे पंचेचाळीस. चारशे बारा ओळींत.
बदलायची होती एकच;
व्हेअर लिहायचं राहिलं.

एरर आली असती तर बरं.
तिच्या बापाचा माग
धागा तुटला की खटकन थांबतो.
हे यंत्र नुसतं म्हणालं : झालं.

बॅकअप कालचा, पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्ह चुलत्याच्या खिशात, अक्कलकोट रोडला.

खुर्ची ओढली. म्हटलं, आधी सिलेक्ट लिही,
कुठल्या ओळी हाती लागतात ते बघ,
मग हात लाव.
ती मोजू लागली ओठांतल्या ओठांत,
ओकटी, रेंडू, मूडू...

माझ्या हातून एकदा
अख्ख्या कारखान्याचा पगार पुसला गेला होता.
ते नाही सांगितलं.
चहा सांगितला.