लाकडी बूट

एकोणतीस वर्षं मी पूल उघडला आणि मिटला,
ग्रोनिंगनच्या उत्तरेला, एका अरुंद कालव्यावर.
बोट आली की गळाच्या काठीला दोरी,
दोरीला लाकडी बूट,
तो हळूच खाली सोडायचा.
नावाडी त्यात टोलची नाणी टाकायचा
आणि मी बूट वर ओढायचो.
एक नाणं पाण्यात पडलं नाही कधी.
म्हणजे, दोनदा पडलं.

माझी खेस्के विद्यापीठात यीस्ट पाळते,
लोक कोंबड्या पाळतात तसं.
म्हणायची, बाबा, पेशीतही असाच बूट असतो.
आत घड्याघड्यांच्या पडद्यात प्रथिन तयार होतं,
पडदा तिथे फुगतो, तुटतो,
आणि माल पोटात घेऊन निघते एक पुटिका.
अंगावर जाळीदार झगा,
तो वाटेत उतरवायचा,
नाहीतर पुढचं दार ओळख देत नाही.
एक चालणारा रेणू तिला पाठुंगळी घेऊन
दोरावरून पावलापावलानं जातो.
शेवटी दोन धागे,
एक तिच्याकडचा, एक पलीकडचा,
एकमेकांना पीळ घालतात,
पीळ आवळत जातो,
दोन पडदे एक होतात, माल बाहेर.
दार कुणी उघडत नाही, बाबा,
पिशवीच दार होते.

तिच्या यीस्टमध्ये एक खोट आहे, मुद्दाम निवडलेली.
पंचवीस अंशांवर सगळं सुरळीत.
सदतीसवर नेलं की पीळ बसत नाही.
पेशी लगेच मरत नाही. बनवत राहते.
तिनं फोटो दाखवला, करडा,
कळीच्या तोंडाशी पुटिकांची ही गर्दी.
मी ओळखलं:
पुलाचं दातेरी चाक मोडलं त्या दिवशीचा कालवा.
बोटीला बोट. बटाटे, रेती,
एकीवर लग्नाला निघालेली माणसं.
कुणी ओरडत नव्हतं.
सगळे भरलेले होते.

मार्चपासून माझं तसंच.
डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो दाखवला,
तोही करडा.
कप म्हणायचं असतं. कप मला दिसतो,
निळा, कान तुटलेला.
शब्द तयार असतो, पूर्ण, वजनदार,
जिभेच्या अलीकडे थांबतो.
त्याच्यामागे दुसरा येऊन थांबतो.
हे सगळंसुद्धा मी बोलत नाहीये.

गुरुवारी खेस्केनं मला प्रयोगशाळेत नेलं.
गरम पाण्यातला चंबू उचलून
गार पाण्यात ठेवला.
आता अडकलेलं निघेल, म्हणाली,
जुन्याच पिशव्या, जुनाच माल.
घड्याळ लावलं, माझ्यापुढे कॉफी ठेवली.
मला म्हणायचं होतं, साखर.
ओठ हलले, आणि आलं:
बूट.

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.
उजव्या बुटाची नाडी सुटली होती.
गुडघ्यावर बसली,
दोन टोकांना पीळ घातला,
आवळला.
मी काही दुरुस्त केलं नाही.
कॉफी बिनसाखरेचीच प्यालो.