वाऱ्याची बाजू

उस्तादनं आधी बोट ओलं करायला शिकवलं.
ज्या अंगाला गार लागेल तिकडून वारा.
वारा तुझ्याकडे येत असेल तर, खंडारे, पळू नको,
मास्क चढव. नऊ सेकंद.
मी आठात चढवायचो.
वर्गातल्या पंख्याखाली तो म्हणाला होता:
गोळीला तू हवा असतोस.
गॅसला फक्त हवा हवी असते,
बाकीचं काम तुझीच छाती करते.

सतरा वर्षं फौजेच्या दवाखान्यात काढली,
तो गॅस काही आला नाही.
बोरजईच्या आरोग्य केंद्रात कंत्राटी लागलो
आणि पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील,
पैकू टेकामला बाजेवर घालून आणलं.

तोंडाला फेस. अंग निथळतं.
टॉर्च मारला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
हे डोळे मी पाहिले होते
कोर्सच्या वहीत, मीच काढलेल्या चित्रात.

"फवारा माराले गेल्ते जी," बायको म्हणाली,
"पराटी छातीले लागली हाय. दुपट्टा बांधला होता तोंडाले."
पदरातून तिनं बाटली काढली.
लाल त्रिकोण, खाली मुंगीच्या अक्षरांत
हातमोजे, चष्मा, मुखवटा, वाऱ्याची दिशा.
धडा आमचाच.
उस्ताद तेवढा नव्हता.

शत्रू कोणी नव्हता, हे लिहून ठेवतो.
हुकूम नव्हता, नकाशा नव्हता,
दुकानदारानं तर वर एक टोपी फुकट दिली होती.
तरी धुऱ्यापलीकडं तितरं पडली,
मोहावरचं आग्यामोहोळ रिकामं झालं.
लढाई थांबते तेव्हा
तिचे कारखाने कुठं कामाला लागतात,
हा प्रश्न परीक्षेला नव्हता.

अ‍ॅट्रोपिन दिलं. पाच मिनिटांनी परत. परत.
बाहुल्या उघडेपर्यंत, तोंड कोरडं पडेपर्यंत.
खोक्यात तीन कुप्या उरल्या तेव्हा
पैकू म्हणाला, "लय तहान लागली."
मला इतकं बरं वाटलं
की पाणी द्यायचंच विसरलो.

माझ्या आधीची दोन जगली नाहीत,
म्हणून मायनं मला उकंड्यावर ठेवून उचललं,
नाव तेच ठेवलं.
उकंड्यावर धोतरा येतो. कोणी पेरत नाही.
या कुपीतलं औषध त्याच्यातही असतं.

बाहेर आलो, सवयीनं बोट ओलं केलं.
कोणत्याच अंगाला गार लागेना.
पलीकडच्या वावरात
कोणीतरी पंपाची दोरी ओढत होतं,
एकदा, दोनदा,
आणि मी सेकंद मोजत होतो.