घोड्यांपाशी

जानेवारीत पाईप फुटला
आणि तळघरातली खोकी वर आणावी लागली.
रसीनमध्ये बाहेर उणे एकवीस,
सरोवरावरून वारा असा, की दाराची कडी हाताला चिकटावी.
तिसऱ्या खोक्यात सापडलं ते,
पाणी पिऊन दुप्पट फुगलेलं,
मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनची आता फक्त शेपटी उरलेली,
आणि शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्याच अक्षरात
वजाबाक्या: चौदा, नऊ, तीन.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते.
आता रेडिएटरवर पानं वाळवता वाळवता
पुन्हा वाचायला बसले.

भाषा, खरं सांगते, बेताचीच.
प्रत्येक तलवार लखलखते, प्रत्येक खिंड भयाण.
राजकन्येला एक अख्खं वाक्य बोलू दिलेलं नाही.
चौथ्या प्रकरणात जो आंधळा होतो
तो आठव्यात चंद्राकडे बघत बसतो.
हे तेव्हा दिसलं नव्हतं.
आणि ऐकूही आलं नव्हतं
वाक्यांच्या खालून
फासे गडगडतात ते.

बलदंड योद्धा, तीनशे पानं अजिंक्य,
एका साध्या लाकडी पुलावर पाय घसरून मरतो.
दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.
नियती, वाटलं होतं.
आता कळतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
खरकट्या बशीला धडकून
वीस बाजूंचा फासा थांबला
आणि वर आला एक.
दानच तसं पडलं.
लेखकाने मग रात्र जागून
त्या एकावर विलाप रचला, चार पानांचा.

आणि तो पुजारी!
सहाव्या प्रकरणाच्या तोंडाशीच म्हणतो,
तुम्ही व्हा पुढे, मी घोड्यांपाशी थांबतो.
थांबतो, साठ पानं.
खाली गुहेत मित्रांची चाळण होते,
जखमा बांधायला कोणी नाही,
आणि हा वर घोड्यांना तोबरे बांधतोय.
आम्ही हसायचो. भित्रा म्हणायचो.
भित्रा कसला,
त्याला खेळवणारा माणूसच आला नसणार त्या शुक्रवारी.
रात्रपाळी असेल, पोराला गोवर असेल,
बायको म्हणाली असेल, पुरे झालं आता.
खुर्ची रिकामी ठेवून गोष्ट पुढे न्यायची
तर माणसाला कुठेतरी उभं करावं लागतं.

आमच्याही टेबलाला चार खुर्च्या.
आर्विड, माझा भाऊ, पुठ्ठ्याच्या आडोशामागून जग चालवायचा.
लॉर्ना क्राउस चेटकीण, कारण नियम तिलाच पाठ.
मी चोर.
आणि टेओ व्हॉयचिक,
ज्याचा बाप ट्रॅक्टरच्या कारखान्यात ओतकाम करायचा,
ज्याच्याकडे स्वतःचे फासे नव्हते,
म्हणून माझे घ्यायचा
आणि फुंकर मारून परत करायचा.

ब्याऐंशी साली कारखान्याने दोन पाळ्या बंद केल्या.
एका शुक्रवारी टेओ आला नाही.
ठीक आहे, आर्विड म्हणाला,
तो गुहेच्या तोंडाशी घोडे सांभाळतोय.
पुढच्या शुक्रवारीही तेच.
त्यांच्या खिडक्यांचे पडदे गेले होते.
टेक्ससला कुठेतरी, एवढंच लॉर्नाच्या आईला ठाऊक.
आम्ही गुहा साफ केली,
सोन्याचे तीन वाटे केले,
दुसऱ्या तोंडाने बाहेर पडलो.
मग आर्विडला गाडी मिळाली, लॉर्नाला एक मुलगा आवडायला लागला,
खेळ संपला असं कोणी म्हटलंसुद्धा नाही.

पुस्तकातला पुजारी नवव्यात परत येतो.
ते पान पुढच्याला चिकटलेलं.
लोणी लावायची सुरी घालून, जरा जरा करत, सोडवलं.
येतो, शेकोटीपाशी बसतो,
कोणी विचारत नाही, कुठे होतास.
कोणीतरी त्याच्याकडे भाकरी सरकवतं.
एवढंच. पुढच्या ओळीत लढाई.

रात्री आर्विडला फोन लावला, फीनिक्सला.
प्लंबरने किती घेतले, त्याने विचारलं.
सांगितलं. मग टेओचं सांगितलं.
बराच वेळ नुसता त्याच्या पंख्याचा आवाज.
"घोडे किती होते गं?"
चार, मी म्हटलं.
"चारही त्याच्यापाशी?"
हो.
"मग आपण परत आलो कशावर बसून?"