राहण्याची सोय

कंपनीच्या फॉर्मवर बारा रकाने होते.
गरम पाणी. पंखा. मच्छरदाणी. कमोड.
खिडकीतून काय दिसतं, एका शब्दात.
फेब्रुवारीत बेल्जियमचे सहा जण येणार होते,
दोन रात्री जंगल, एक रात्र किनारा,
आणि उभा जन्म पाचपाखाडीत काढलेला मी
त्यांच्या झोपेला जागा शोधत निघालो होतो.

येऊरच्या फाटकावर नाव लिहून घेतलं,
आत गेल्याची वेळ, बाहेर यायची वेळ.
बंगल्यांच्या भिंती संपल्या,
लॉनवरचे लग्नाचे स्पीकर संपले,
मग पाडा.

बारकीबाई वरठांची मागची खोली.
कुडाची भिंत, सकाळीच सारवलेली,
ओल बोटाला लागली.
विचारलं, रात्री कुणाला बाहेर जायचं झालं तर?
म्हणाली, हाक मारायची. मी जागीच असते,
दोनच कोंबड्या राहिल्यात.
कुणी नेल्या, ते नाव तिनं घेतलं नाही.
अंगणाच्या कडेला उमटलेल्या पावलांकडे
नुसती हनुवटी वळवली,
शेजाऱ्याचं घर दाखवावं तशी.
मी लिहिलं : सुरक्षा, ठीक.

खिडकी नव्हतीच.
पण कुडाच्या फटींतून
मागची सावर, अख्खी फुललेली,
लाल पट्ट्यापट्ट्यांनी आत येत होती.
तो रकाना मी कोरा सोडला.

दिवाळ्याला पोचलो तेव्हा खाडी घरी नव्हती.
जेट्टीपुढे नुसता चिखल, करडा, चकाकता,
कुशीवर पडलेल्या होड्या,
आणि निवट्यांची टुणटुण, जणू चिखलच उकळतोय.
सी व्ह्यू लिहू का, मी विचारलं.
चांगुणा कोळी हसली. लिव की.
सा वाजता येल तो.

वरची खोली मुलाची. मुलगा जहाजावर,
आठ महिने झाले.
एसी नवा, प्लास्टिक तसंच.
काढू नको, म्हणाली, तो आल्यावर काढील.
फॉर्मवर होतं : दुर्गंधी, आहे किंवा नाही.
गच्चीत बोंबील सुकत होते.
वासाचं काय, म्हटलं.
कसला वास?
तिनं दोनदा हुंगून पाहिलं, अगदी मनापासून.

तिवरांच्या पलीकडे गुलाबी रेघ होती.
ते पन राहायलाच येतात, ती म्हणाली,
भाडं देत नाय, फॉर्म भरत नाय,
पाय रोवला की झोपले.

शेवटची सूचना :
गादी पाच मिनिटं पडून तपासावी.

जाग आली तेव्हा छत हलत होतं.
पाणी आलं होतं, अंधारात, जिन्यापर्यंत वाटावं इतकं,
आणि जेट्टीवरचा एकुलता दिवा
त्याच्यावरून उचलून कुणी छतावर सांडत होतं.
खाली होड्या उभ्या राहून
एकमेकींना टेकत होत्या, लाकडाला लाकूड,
हळू, पुन्हा हळू.
माझ्याभोवती मच्छरदाणी होती.
चारही कोपरे गादीखाली नीट खोचलेले.
मी लावलेली नव्हती.
बूट काढून दाराशी जोडीनं ठेवलेले,
तेही मी नाही.

सकाळी तिनं चहा दिला आणि हात पुढे केला.
झोपलास ना? मग सातशे.
मी दिले. तिनं नोटा उजेडाला धरून मोजल्या.
हे पैसे मी कंपनीकडे मागितले नाहीत.
कोणत्या रकान्यात मागणार होतो?